दवाखान्यामागची कोरांटी

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
दातांच्या दवाखान्यामागे अडीच फुटांचा बोळ.
एसीचं पाणी ठिबकतं तिथे
वाघेऱ्यांनी एक काडी खोचली होती,
पेन्सिलीएवढी जाड, दोन पेरं खाली, दोन वर.
"कोरांटी हाय. दात दुखला का पाला चावायचा."
दातांच्या दवाखान्याचा रखवालदार
हे मला सांगत होता
आणि माझ्या हातात कुणाच्या तरी दाढेचा एक्स-रे.

ही माती मातीच नव्हे, खाडीवरचा भराव.
विटांचे तुकडे, फरशीच्या चिपा,
एप्रिलात वर येणारं मीठ,
जसं कुणी वाढता वाढता सांडून गेलं.

पुढे एजन्सी बदलली.
त्याच गणवेशात दुसरा माणूस आला.
वाघेरे मोखाड्याला परतले की दुसऱ्या कुठल्या गेटवर,
कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
नळाखाली त्यांचा तांब्या तेवढा पालथा होता.

तो मी सुलटा केला, एवढंच.
मग कळत गेलं:
पाणी दिवसाआड, रोज घातलं की पानं पिवळी पडतात.
बोंडं तडकून झाली की गुडघ्याखाली छाटायची,
नाहीतर नुसती काटेरी दांडगाई.
काटे पानांच्या बगलेत, चार-चार,
डॉक्टरांचे हातमोजे त्यांच्यापुढे कागद.
एकदा काळे केसाळ सुरवंट आले,
आठवड्यात पानांची जाळी.
जुन्या चिमट्याने एकेक उचलला
आणि कुठे टाकू कळेना,
म्हणून परत ठेवला.

कडेला लावायला दगड हवे होते.
कपाटात साचे होते, प्लास्टरचे जबडे.
कवळ्या बसल्या, माणसं घरी गेली, जबडे उरले.
घणसोलीचे भोईर मास्तर, कुलथेबाई,
स्कूटीवरून पडलेली ती बारावीची मुलगी,
असे एकोणीस जण
आ वासून कोरांटीभोवती.
पावसाळ्यात त्यांच्या कडा विरघळल्या.
नर्सरीवाला म्हणाला, जिप्सम ना ते,
खाऱ्या जमिनीला मानवतं.

दुसऱ्या दिवाळीआधी फुलली.
हळदीत चुन्याचा थेंब पडावा तसा रंग,
आणि पाकळी इतकी पातळ
की तोडली तर चिमटीतच मिटते.

मग माझीच दाढ. रविवारी रात्री.
पावण्याच्या कारखान्यांकडून तो गोडसर वास येत होता,
डॉक्टर नाशिकला.
मोबाइलच्या उजेडात बोळात उभी राहून
सात पानं चावली, काटा लागला तो वेगळा.
खोटं कशाला सांगू, दुखणं गेलं नाही.
जरा सरकलं,
शेजारच्या खोलीत कुणाचा टीव्ही चालू असावा
इतपत लांब.
तेवढ्यावर उजाडलं.

सोमवारी डॉक्टर नीलाक्षी म्हणाल्या,
"जीभ हिरवी कशाने झाली ही?"
मी आ वासलेली, उत्तर कसं देणार?
दाढ काढावीच लागली.
"हवी का?" त्यांनी विचारलं,
पेशंटला विचारतात तसंच.

लहानपणी दुधाचा दात उंदराच्या बिळात टाकायचो,
बदल्यात त्याच्यासारखा मागायचो.
एक्केचाळिसाव्या वर्षी काय मागतात?
कापसात गुंडाळून नेली,
साच्यांच्या रांगेत बोटाने खड्डा केला.
विसावी मी,
जबड्याशिवाय.

आता फेब्रुवारी.
दुपारी बोंडं तडकतात, टक्,
नवा रखवालदार खुर्चीत दचकतो.
छाटणीतल्या चार काड्या ओल्या फडक्यात ठेवते,
मोखाड्याकडचा पेशंट आला की
तोंडात कापूस घालण्याआधी विचारून घेते,
वाघेरे म्हणून कुणी, उंच, जरा वाकलेले?
आणखी खूण सांगा, म्हणतात.

दात कसे होते त्यांचे?
सहा वर्षं रोज दारात उभा होता तो माणूस.
आम्ही कधी
तोंड उघडून बघितलंच नाही.